पॅड बांधून बसलेला मुलगा

शाळेचा अभिमान म्हणजे काय, असें एखाद्या हायस्कुलांतल्या मुलाला विचारलें, तर तो बहुधा गडबडून जाईल. पण त्याच मुलाच्या देखत त्याच्या शाळेला कोणी नांवें ठेवलीं, तर त्याच्या कपाळाला आठी पडल्यावांचून राहणार नाहीं. ज्या शाळेच्या घंटेला तो रोज कंटाळतो, जिच्या बांकावर तो कर्कटकानें स्वतःचें नांव कोरून ठेवतो आणि जिच्या शिक्षकांच्या नकला करून घरच्या मंडळींना हंसवितो, तीच शाळा परक्याच्या तोंडीं आली कीं एकाएकीं त्याची होते. ही जादू क्रमिक पुस्तकांतून येत नाहीं. भूमितीचा सिद्धांत सर्व शाळांत एकच असतो आणि पानिपतच्या लढाईचें सालही सर्व शाळांत एकच असतें. एका शाळेला दुसरीपासून वेगळी करणाऱ्या गोष्टी वर्गाबाहेरच्या असतात. तिचें स्नेहसंमेलन, तिचें हस्तलिखित, तिचें लेझीमपथक, तिची सकाळची प्रार्थना आणि तिचा खेळाचा संघ, यांतून शाळेला चेहरा येतो.

परीक्षेचे दिवस जवळ आले कीं या गोष्टींविषयीं घरोघरीं एक प्रश्न हटकून निघतो : "यांत गुण किती मिळतात?" प्रश्न गैर नाहीं. पदरमोड करून मुलांना शिकविणाऱ्या आईबापांनीं हिशेब विचारावा, हें योग्यच आहे. मात्र हिशेब विचारण्यापूर्वी जमेची बाजू कोणती आणि खर्चाची कोणती, हें ठरवावें लागतें. त्या कामीं मुंबईच्या एका शालेय सामन्याची हकीकत फार उपयोगी पडेल. ती बहुतेकांना ठाऊक आहे. पण ती ज्या टोकाकडून नेहमीं सांगितली जाते, त्याच्या उलट टोकाकडून पाहण्याजोगी आहे.

मुंबईच्या शालेय क्रिकेटमध्यें दोन ढालींना मोठा मान आहे. हॅरिस शील्ड ही मोठ्या मुलांची व जाइल्स शील्ड ही धाकट्यांची. लॉर्ड हॅरिस हे १८९० ते १८९५ पर्यंत मुंबईचे गव्हर्नर होते. पहिल्या ढालीला त्यांचें नांव आहे. त्यांचें साम्राज्य लयास गेलें, पण ढाल मात्र राहिली. सामन्यांचे दिवस आले कीं शाळाशाळांतील मुलें आपल्या अंगाहून मोठ्या पिशव्या खांद्यावर घेऊन लोकलगाडीच्या गर्दींत शिरतात आणि आझाद मैदानावर उतरतात. या मैदानावर बावीस खेळपट्ट्या आहेत. एका सामन्यांतला क्षेत्ररक्षक दुसऱ्या सामन्यांतल्या क्षेत्ररक्षकाच्या पाठीला पाठ लावून उभा असतो. परक्या सामन्यांतला चेंडू पायाशीं आला, तर तो उचलून परत फेकायचा आणि पुन्हां आपल्या सामन्यांत लक्ष घालायचें. या साध्या रीतींत शिष्टाचाराचा एक मोठा धडा आहे. पण त्याचा उल्लेख कोणत्याही क्रमिक पुस्तकांत सांपडणार नाहीं.

या मैदानावर फेब्रुवारी १९८८ मध्यें हॅरिस शील्डचा उपांत्य सामना झाला. एका बाजूस दादरचें शारदाश्रम विद्यामंदिर आणि दुसऱ्या बाजूस सेंट झेवियर्स. शारदाश्रमाचे दोन गडी ८४ धांवांवर बाद झाले, तेव्हां सोळा वर्षांच्या विनोद कांबळीला येऊन मिळाला चौदा वर्षांचा सचिन तेंडुलकर. त्यानंतर गडी बाद झालाच नाहीं. पहिला दिवस मावळला तरी दोघे खेळत होते आणि दुसऱ्या दिवशीं पुन्हां तेच दोघे मैदानांत उतरले. डाव थांबविण्याविषयीं त्यांच्या साहाय्यक शिक्षकांच्या खुणा सीमेबाहेरून चालल्या होत्या आणि दोघेही मोठ्या कौशल्यानें तिकडे पाहण्याचें टाळीत होते, असें पुढें सांगण्यांत आलें. अखेर त्यांचे गुरु रमाकांत आचरेकर यांचा निरोप आला, तेव्हां कोठें डाव थांबला. धांवफलकावर २ बाद ७४८ धांवा लागल्या होत्या. त्यांत तेंडुलकराच्या नाबाद ३२६ व कांबळीच्या नाबाद ३४९. दोघांची अभंग भागीदारी ६६४ धांवांची. मग कांबळीनें सहा गडी बाद केले आणि झेवियर्सचा डाव १४५ धांवांत आटोपला.

पुढची कथा सर्वश्रुत आहे. नोव्हेंबर १९८९ मध्यें तेंडुलकर कराचीच्या मैदानावर देशासाठीं उतरला आणि ६६४ हा आंकडा दंतकथेसारखा घरोघरीं गेला. परंतु त्या दोन दिवसांत मैदानाच्या कडेला आणखी एक मुलगा होता. त्याचें नांव अमोल मुजुमदार. वय तेरा वर्षें. पुढील फलंदाज तोच होता. पहिल्या दिवशीं दुसरा गडी बाद होतांच त्यानें पायांना पॅड बांधलीं आणि तो आपल्या पाळीची वाट पाहत बसला. दिवस संपला, तेव्हां त्यानें पॅड सोडलीं. दुसऱ्या दिवशीं पुन्हां बांधलीं. डाव जाहीर झाला, तेव्हां तीं पुन्हां सोडलीं. धांवफलकावर त्याच्या नांवापुढें कांहींच नव्हतें. शून्यसुद्धां नव्हतें, कारण शून्य मिळण्यासाठींही मैदानांत जावें लागतें.

शाळेच्या अभिमानाचा खरा अभ्यास करावयाचा असेल, तर तो या मुलापासून सुरू करावा. ज्याच्या हातीं फळी आहे, त्याला शाळेवर प्रेम करणें कठीण नसतें. शाळाच त्याच्यावर प्रेम करीत असते. प्रत्येक चौकाराला टाळी पडते आणि ती टाळी शाळेसाठीं आहे कीं स्वतःसाठीं, हें निवडून पाहण्याची त्याला गरजही भासत नाहीं. पण कडेला बसलेल्या मुलाची स्थिति निराळी. दर चेंडूला त्याच्या मनांत दोन इच्छा उभ्या राहतात. सोबत्याचा डाव वाढावा, ही एक. आणि आपली पाळी यावी, ही दुसरी. पहिली इच्छा फळाला आली कीं दुसरी मागें पडते. या दोन्ही इच्छा एकाच वेळीं बाळगून, दुसरी मागें सारून, पहिलीसाठीं टाळी वाजविणें, ही तेरा वर्षांच्या मुलासाठीं केवढी मोठी परीक्षा आहे! या परीक्षेला प्रश्नपत्रिका नसते, निकाल लागत नाहीं आणि गुणही मिळत नाहींत. तरीही पुढें संसारांत, कचेरींत, सार्वजनिक कामांत माणसाला वारंवार द्यावी लागते ती हीच परीक्षा.

असा मुलगा केवळ क्रिकेटच्या मैदानावर असतो असें नाहीं. स्नेहसंमेलनाच्या रात्रीं रंगमंचावर राजा बोलत असतो. पण विंगेंत उभा राहून, हातांत वही धरून, राजाचें विसरलेलें वाक्य हळूच पुढें सरकविणारा मुलगा प्रेक्षकांना दिसत नाहीं. सबंध नाटक त्याला तोंडपाठ असतें आणि त्यांतील एकही वाक्य त्याचें स्वतःचें नसतें. हस्तलिखितांत कविता एकाची असते, चित्र दुसऱ्याचें असतें, आणि शंभर पानें सुवाच्य अक्षरांत लिहून काढणारी मुलगी तिसरीच असते. लेझीमच्या रांगेंत शेवटच्या ओळीचा एक पाय चुकला तर सारी रांग विसकटते. पण तो चुकला नाहीं, म्हणून शेवटच्या ओळीचें कौतुक करण्यास कोणी जात नाहीं. संमेलन संपल्यावर रात्रीं उशीरां खुर्च्या उचलणारीं चार मुलें दर शाळेंत असतात आणि दर वर्षीं तीं बहुधा तींच असतात. शाळा नांवाची वस्तु उभी असते ती यांच्या खांद्यावर.

शाळेच्या अभिमानाची ही कल्पना आली कोठून, हें पाहूं गेल्यास पाऊल इंग्लंडकडे वळतें. तेथील निवासी शाळांत मुलें वेगवेगळ्या वसतिगृहांत राहत आणि आपापल्या वसतिगृहाच्या नांवानें सामने खेळत. ब्रिस्टल शहराजवळच्या क्लिफ्टन कॉलेज या शाळेंत जून १८९९ मध्यें अशाच दोन वसतिगृहांच्या धाकट्या मुलांचा सामना चालला होता. त्यांत तेरा वर्षांच्या आर्थर कॉलिन्स या मुलानें नाबाद ६२८ धांवा काढल्या. हा मुलगा जन्मला होता हिंदुस्थानांत, हजारीबागला. कित्येक दुपारी त्याचा डाव चालला होता आणि हळूहळू सारी शाळा त्या मैदानाभोंवतीं गोळा झाली होती. त्या सामन्याच्या नोंदी ठेवणाराही शाळकरी मुलगाच होता आणि ६२८ हा आंकडा दहा-वीस धांवांनीं इकडेतिकडे असूं शकेल, अशी प्रामाणिक कबुली त्यानें दिली. कोणाला जगाचा विक्रम मिळाला, त्याची नोंद कोणी एका मुलाच्या पेन्सिलीवर अवलंबून होती, ही गोष्ट विसरण्यासारखी नाहीं. त्या मैदानाला आजही कॉलिन्सचें नांव आहे.

परंतु या कथेचा शेवट गोड नाहीं. क्लिफ्टनचाच एक माजी विद्यार्थी, कवि हेन्री न्यूबोल्ट, यानें शाळेच्या क्रिकेट मैदानाला रणांगणाशीं जोडणारी एक कविता लिहिली होती आणि ती त्या काळीं इंग्लंडांत फार गाजली. खेळांत संघासाठीं झुंजावें तसें युद्धांत राष्ट्रासाठीं झुंजावें, ही शिकवण त्या पिढीच्या अंगीं मुरली होती. कॉलिन्स सैन्यांत अधिकारी झाला आणि ११ नोव्हेंबर १९१४ रोजीं ईप्रच्या लढाईंत मारला गेला. तेव्हां तो तिशीही गांठूं शकला नव्हता. त्याच्या शौर्याला कमीपणा देण्याचें कारण नाहीं. पण शाळेचा अभिमान हें दुधारी शस्त्र आहे, एवढें यावरून ध्यानांत यावें. 'आपली शाळा' हे शब्द शिकवितांना समोरच्या शाळेंतीलही मुलेंच आहेत, हें शिकविण्याचें राहून गेलें, तर तो अभिमान पुढें कोणाच्याही हातचें खेळणें होऊं शकतो.

कॉलिन्सचा विक्रम ११६ वर्षें टिकला. जानेवारी १९१६ मध्यें नव्हे, तर त्याच्याही शंभर वर्षांनंतर, जानेवारी २०१६ मध्यें, मुंबईनजीक कल्याण येथें भंडारी करंडकाच्या शालेय सामन्यांत तो मोडला गेला. पंधरा वर्षांच्या एका मुलानें दोन दिवसांत नाबाद १००९ धांवा केल्या. त्यांत १२९ चौकार व ५९ षट्कार होते. त्याच्या शाळेनें ३ बाद १४६५ धांवांवर डाव जाहीर केला. समोरची शाळा ३१ व ५२ धांवांत बाद झाली. रिक्षा चालवून संसार करणाऱ्या बापाच्या या मुलाचें सर्व देशानें कौतुक केलें आणि तें योग्यच होतें. त्यानें धांवा चोरल्या नव्हत्या. समोर आलेला चेंडू त्यानें टोलविला, इतकेंच.

पण समोरच्या संघाकडेही क्षणभर पाहावें. त्या शाळेचे मोठे खेळाडू परीक्षेच्या अभ्यासामुळें आले नव्हते आणि लहान मुलांना मैदानांत उतरावें लागलें होतें, असें त्या वेळीं वर्तमानपत्रांतून आलें होतें. 'यांत गुण किती मिळतात' या प्रश्नाचें असें उत्तर मैदानावर उभें राहतें. घरीं राहिलेल्या मुलांचे गुण कदाचित् वाढले असतील. त्यांचा चेंडू मात्र धाकट्यांना उन्हांत धांवून आणावा लागला. एक दिवसभर ती मुलें चेंडूच्या मागें पळालीं. संध्याकाळीं घरीं गेलीं. तिकडे विक्रम चालला आहे आणि तो आपल्याविरुद्ध चालला आहे, हें सर्व देशाला कळलें होतें. तरी दुसऱ्या दिवशीं सकाळीं तीं पुन्हां मैदानावर हजर झालीं. शाळेचा अभिमान कशाला म्हणावें, असें कोणी विचारलें, तर १००९ या आंकड्याइतकेंच जोरदार उत्तर त्या मुलांच्या दुसऱ्या दिवसाच्या हजेरींत आहे. दुर्दैवानें हजेरी कोणत्याही धांवफलकावर लिहिली जात नाहीं.

येथें शाळांच्या व शिक्षकांच्या कर्तव्याचा प्रश्न येतो. मुलांनीं निमूटपणें वाट पाहावी, एवढाच उपदेश करून मोठी माणसें मोकळीं झालीं, तर तो अन्याय होईल. पाळीची वाट पाहण्यांत गोडी आहे ती पाळी येणार या भरंवशावर. हजार मुलांच्या शाळेंत अकरा मुलें खेळतात आणि बाकीचीं टाळ्या वाजवितात, या व्यवस्थेला शाळेचा अभिमान म्हणतां येणार नाहीं. तो निव्वळ तमाशा होय. ढाल जिंकण्याच्या ईर्ष्येनें दुसऱ्या शाळांतून तयार खेळाडू गोळा करावे आणि घरच्या मुलांना कुंपणाशीं उभें करावें, ही चालही कांहीं ठिकाणीं आहे. अशानें ढाल कपाटांत येते. पण ती पाहून मुलाच्या मनांत 'ही माझी' असा उद्गार उमटत नाहीं. दुसरा संघ असावा, तिसरा असावा. वर्गावर्गांचे सामने असावे. नाटकांत एखादें छोटें काम तरी ज्याला कधींच मिळालें नाहीं त्याच्यासाठीं राखून ठेवावें. मुलींचा संघ असावा आणि त्याला मैदान मिळण्याची वेळ मुलांच्या संघाचें आटोपल्यावर उरलेली अशी नसावी. वार्षिक अहवालांत विजेत्यांच्या नांवांखालीं नोंदी ठेवणाऱ्याचें, पडदा ओढणाऱ्याचें आणि खुर्च्या उचलणाऱ्यांचें नांव छापावें. शाई फारशी लागत नाहीं. ज्याचें नांव एकदां छापून आलें, तो मुलगा तें पान पन्नास वर्षें जपून ठेवतो.

आणि जिंकणाऱ्या संघाला केव्हां थांबावें, हेंही शिकवावें. १९८८ सालच्या त्या सामन्यांत कांबळी ३४९ धांवांवर होता. आणखी एकच धांव काढूं द्यावी, अशी त्यानें विनवणी केली होती आणि आचरेकरांनीं ती मानली नाहीं, असें सांगतात. गुरूनें शिष्याची एक धांव कापली आणि त्याच्या पदरांत एक धडा टाकला. ७४८ धांवा झाल्यावर ७४९ व्या धांवेनें शाळेच्या वैभवांत भर पडणार नव्हती. समोरच्या मुलांच्या हालांत मात्र पडली असती.

मुजुमदाराचें पुढें काय झालें, हें ऐकण्याची इच्छा श्रोत्यांस असणारच. १९९४ साली त्यानें रणजी सामन्यांत मुंबईकडून पदार्पण केलें, तें २६० धांवांच्या डावानें. पुढें वीस वर्षें तो प्रथम दर्जाचे सामने खेळला. त्यानें ११,१६७ धांवा व ३० शतकें काढलीं आणि मुंबईच्या संघाचें नेतृत्व करून २००६-०७ चा रणजी करंडकही मिळवून दिला. परंतु देशाच्या संघांत त्याची निवड कधींच झाली नाहीं. तेराव्या वर्षीं बांधलेलीं तीं पॅड जणूं त्याच्या पायांना कायमचींच राहिलीं. मग ऑक्टोबर २०२३ मध्यें भारतीय महिला संघाचा प्रशिक्षक म्हणून त्याची नेमणूक झाली. २ नोव्हेंबर २०२५ रोजीं नवी मुंबईंत त्या संघानें दक्षिण आफ्रिकेचा ५२ धांवांनीं पराभव करून विश्वचषक जिंकला. विजयानंतर कर्णधार हरमनप्रीत कौर हिनें वांकून आपल्या प्रशिक्षकाच्या पायांना हात लावला.

ही गोष्ट ऐकून मन भरून येतें. पण तिच्यांतून सोयीस्कर तात्पर्य काढूं नये. वाट पाहणाऱ्या प्रत्येकाला शेवटीं चषक मिळतो, असें मुलांना सांगणें खोटेपणाचें होईल. बहुतेकांना तो मिळत नाहीं. विंगेंत वही धरून उभा राहिलेला मुलगा पुढें नट होत नाहीं आणि शेवटच्या ओळींत लेझीम खेळणाऱ्या मुलीचें नांव कोठें येत नाहीं. म्हणून त्यांचें वाट पाहणें वायां गेलें काय? दुसऱ्याच्या यशानें आपली छाती भरून येते, हा अनुभव ज्यानें लहानपणीं एकदां तरी घेतला, तो पुढें एकटा पडत नाहीं. भाऊ पुढें गेला, शेजारी पुढें गेला, हाताखालचा माणूस पुढें गेला, तरी त्याच्या घरांत त्या दिवशीं अंधार होत नाहीं. जमेच्या बाजूस मांडावयाची रक्कम ती हीच.

शाळेंतून सामना खेळून किंवा नुसता पाहून मूल संध्याकाळीं घरीं येतें, तेव्हां "किती धांवा काढल्यास?" असें आपण विचारतों. एखाद्या दिवशीं निराळा प्रश्न विचारून पाहावा : "आज कोणासाठीं टाळ्या वाजविल्यास?" मूल प्रथम गोंधळेल. मग सांगूं लागेल. त्या सांगण्यांत ज्या शाळेचें वर्णन येईल, ती शाळा कोणत्याही गुणपत्रिकेंत दिसणारी नव्हे. पण मूल मोठें झाल्यावर ज्या शाळेचें नांव निघतांच त्याचा आवाज बदलतो, ती शाळा तीच.